पेटंटची कचेरी दाराशीं आली म्हणजे

एखाद्या गांवांत नवी सरकारी कचेरी उघडली म्हणजे लोकांच्या मनांत प्रथम विचार येतो तो कराचा, दंडाचा किंवा हेलपाट्यांचा. कचेरी आली म्हणून गांवची कल्पकता वाढली, असें सहसा कोणाच्या ऐकिवांत नसतें. परंतु ज्या कचेरीचें कामच मुळीं मनुष्याच्या कल्पकतेची नोंद घेण्याचें, ती एखाद्या नगरांत नव्यानें येऊन बसली, तर त्या नगराच्या उद्योगास कांहीं निराळें वळण लागतें काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं २०१२ सालीं असा एक प्रसंग घडून आला. त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों, ती केवळ दूरदेशींची नवलाई म्हणून नव्हे, तर आपल्या घरास लागू पडणारें तींत पुष्कळ आहे म्हणून.

प्रथम 'पेटंट' या शब्दाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा शब्द आपल्याकडे घरोघर माहीत आहे, पण त्याचा अर्थ बहुधा उलटाच समजला जातो. 'पेटंट औषध' म्हटलें कीं जिची कृति कोणास ठाऊक नाहीं अशी बाटली, ही समजूत जाहिरातींनीं रूढ करून ठेविली आहे. वस्तुतः ज्या लॅटिन धातूपासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ 'उघडें असणें' असा आहे. मोहोर फोडल्यावांचून कोणासही वाचतां येईल असें राजाचें उघडें पत्र, तें पेटंट. आजच्या कायद्यांतही मूळचा हा अर्थ कायम आहे. शोधकानें आपली युक्ति आकृतींसह अशी स्पष्ट लिहून द्यावी, कीं त्या धंद्यांतल्या जाणत्या मनुष्यास ती वाचून प्रत्यक्षांत उतरवितां यावी. आणि त्या उघडेपणाच्या मोबदल्यांत सरकारनें ठराविक मुदतीपर्यंत तिचा लाभ इतर कोणास घेऊं देऊं नये, असा हा दुतर्फा करार आहे. ही मुदत आज बहुतेक देशांत अर्जाच्या दिवसापासून २० वर्षांची असते. ती संपली कीं युक्ति सर्वांची होते. सरकारी मराठींत या हक्कास 'एकस्व' म्हणतात. परंतु या शब्दानें कराराची अर्धीच बाजू दाखविली जाते. दुसरी बाजू सर्वांच्या लाभाची आहे, हें विसरतां कामा नये.

अमेरिकेंत या विषयाचा पहिला कायदा १० एप्रिल १७९० रोजीं झाला. त्याच वर्षीं ३१ जुलैस सॅम्युएल हॉपकिन्स नांवाच्या गृहस्थास राखेपासून पोटॅश तयार करण्याच्या कृतीबद्दल पहिलें पेटंट मिळालें. त्या वेळीं अर्ज तपासण्याचें काम प्रत्यक्ष मंत्र्यांकडे होतें, व त्यांत थॉमस जेफरसन हे एक होते. पुढें १८३६ च्या कायद्यानें स्वतंत्र कचेरी व परीक्षक यांची योजना झाली. तेव्हांपासून देश पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत पसरला, रेल्वे आली, वीज आली, मोटारी व विमानें आलीं. परंतु अर्ज तपासणारी कचेरी मात्र बहुतेक काळ राजधानी वॉशिंग्टन व तिच्या परिसरांतच राहिली. अखेर १६ सप्टेंबर २०११ रोजीं मंजूर झालेल्या कायद्यानें निदान तीन शाखा-कचेऱ्या उघडण्याची आज्ञा झाली, आणि त्यांपैकीं पहिली १३ जुलै २०१२ रोजीं डेट्रॉइट येथें उघडली. मागून डेन्व्हरला २०१४ सालीं, आणि सॅन होजे व डॅलस येथें २०१५ सालीं तशाच कचेऱ्या झाल्या.

पहिला मान डेट्रॉइटला मिळाला, यांत औचित्य होतें. हें मोटारींचें माहेरघर. हेन्री फोर्ड यांची कंपनी येथें १९०३ सालीं निघाली, आणि त्याच वर्षीं तिला पेटंटच्या खटल्यास तोंड द्यावें लागलें. जॉर्ज सेल्डन नांवाच्या वकिलानें १८७९ सालीं अर्ज करून, तो वर्षानुवर्षें लांबवून, १८९५ सालीं मोटारगाडीचें पेटंट पदरांत पाडून घेतलें होतें. मोटारी बनविण्याचा धंदा त्याचा नव्हता. पण त्या कागदाच्या जोरावर बहुतेक कारखानदारांकडून पट्टी वसूल होऊं लागली. फोर्ड यांनीं ती देण्याचें साफ नाकारलें. आठ वर्षें वाद चालला, आणि जानेवारी १९११ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें असा निकाल दिला कीं, सेल्डनचें पेटंट विशिष्ट जातीच्या एंजिनापुरतेंच आहे, आणि फोर्ड यांचें एंजिन त्या जातीचें नाहीं. पेटंट हें कल्पकाचें कवच होऊं शकतें, तसाच उद्योगाच्या गळ्यांतला फांस होऊं शकतें, हें डेट्रॉइटनें अशा रीतीनें फार पूर्वींच अनुभविलें होतें. परीक्षक धंद्याचा मर्मज्ञ असला पाहिजे, तो कां, हें या एका खटल्यावरून ध्यानांत येईल.

परंतु २०१२ सालचें डेट्रॉइट हें फोर्ड यांच्या भरभराटीचें डेट्रॉइट राहिलें नव्हतें. १९५० सालीं जेथें सुमारें १८॥ लाख वस्ती होती, तेथें २०१० च्या शिरगणतींत ती सव्वासात लाखांच्याही आंत आली होती. कारखाने बंद पडले, घरें ओस पडलीं, आणि कचेरी उघडल्यास पुरतें एक वर्ष होऊन पांच दिवस लोटतात तोंच, १८ जुलै २०१३ रोजीं, खुद्द नगरपालिकेनें दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. अशा पडत्या काळांत, नदीकांठच्या एका जुन्या औषध-कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या इमारतींत, शंभराच्या आसपास परीक्षक नेमण्याचा संकल्प करून ही कचेरी थाटली गेली. ज्या शहरांतून कसबी एंजिनिअर बाहेर चालले होते, तेथें त्यांच्याच विद्येस मान देणारें एक काम आलें, हा पहिला लाभ उघड होता.

या कचेरीस एलिजा मॅकॉय यांचें नांव देण्यांत आलें, आणि तें नांव २०११ च्या कायद्यांतच घालून ठेविलेलें होतें. मॅकॉय यांचे आईबाप केंटकी प्रांतांतील गुलामगिरींतून पळून कॅनडांत गेलेले. तेथें १८४४ सालीं त्यांचा जन्म झाला. आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन मुलास स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें यंत्रविद्या शिकण्यास पाठविलें. शिकून परत येऊन ते डेट्रॉइटजवळच्या एका गांवीं राहिले, परंतु काळ्या वर्णाच्या मनुष्यास रेल्वेंत एंजिनिअरची जागा कोण देणार? त्यांस आगगाडीच्या एंजिनांत कोळसा टाकण्याचें व यंत्रास तेल घालण्याचें काम मिळालें. त्या काळीं तेल घालण्यासाठीं गाडी मधून मधून उभी करावी लागे. मॅकॉय यांनीं चालत्या एंजिनांत आपोआप तेल पाझरत राहील असें पात्र योजिलें, व जुलै १८७२ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. पुढें आयुष्यभरांत त्यांच्या नांवावर सुमारें ५७ पेटंटें झालीं. पण हातीं भांडवल नसल्यामुळें त्यांतील पुष्कळ हक्क त्यांस दुसऱ्यांच्या नांवें करून द्यावे लागले. स्वतःच्या नांवाचा कारखाना निघाला तो १९२० सालीं, वयाच्या ७६ व्या वर्षीं. १९२९ सालीं ते वारले. ज्यास जिवंतपणीं एंजिनिअरची जागा नाकारली गेली, त्याच्या नांवाची पाटी एंजिनिअरांच्या युक्त्या तपासणाऱ्या कचेरीवर लागली! कालाचा हा न्याय उशिराचा असला तरी बोध घेण्यासारखा आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. कचेरी जवळ आल्यानें घडतें तें काय? कायदा तोच, फी तीच, परीक्षेची कसोटीही तीच. अर्ज तर विजेच्या मार्गानें कोठूनही पाठवितां येतो. मग फरक कोणता? आमच्या मतें तो तीन प्रकारचा आहे. पहिला असा कीं, परीक्षक त्या प्रांतांतल्या धंद्यांत मुरलेल्या मंडळींतून निवडतां येतात. दुसरा असा कीं, शोधकास परीक्षकासमोर बसून आपलें म्हणणें मांडतां येतें. कागदावर ज्या गोष्टीचा उलगडा सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारानें होत नाहीं, ती समोरासमोर अर्ध्या तासांत उलगडते. आणि तिसरा व सर्वांत महत्त्वाचा हा कीं, पूर्वीं कोणी काय काय करून ठेविलें आहे हें वाचावयास व तें कसें वाचावें हें विचारावयास एक जागा मिळते.

हा तिसरा लाभ आम्ही मनाचेंच सांगत नाहीं. १९७५ ते १९९७ या काळांत अमेरिकन सरकारनें ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून पेटंटचे लेख लोकांस वाचावयास ठेवण्याची योजना पुष्कळ वाढविली. इंटरनेट तेव्हां घरोघर पोंचलें नव्हतें. ज्यास लेख पाहावयाचे त्यानें ग्रंथालयांतच गेलें पाहिजे. जेफ्री फर्मन, मार्कुस नागलर व मार्टिन वॉटझिंगर या अर्थशास्त्रज्ञांनीं या योजनेचा अभ्यास करून २०२१ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, ज्या भागांत असें ग्रंथालय झालें, तेथील पेटंटांची संख्या तशाच प्रकारच्या इतर भागांच्या मानानें ८ ते २० टक्क्यांनीं वाढली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या ग्रंथालयांत कोणास शिक्का मिळत नव्हता, हक्क मिळत नव्हता. मिळत होतें तें केवळ वाचन. आणि त्या वाचनानें तेथील शोधक आपल्या प्रांताबाहेरच्या कल्पना अधिक उचलूं लागले. एकानें उघडपणें लिहून ठेविलें, दुसऱ्यानें तें वाचलें, आणि त्यावर तिसरी गोष्ट उभी राहिली. 'उघडें पत्र' या नांवाची यापरती सार्थकता ती कोणती!

यावरून इमारतीचें माहात्म्य किती व वाचनाचें किती, याचाही निवाडा होतो. डेन्व्हरची कचेरी २०२५ सालीं बंद करण्यांत आली. कर्मचारी घरूनच काम करूं लागल्यावर तेथें प्रत्यक्ष येऊन बसणारे मोजकेच उरले होते. भिंती येतात आणि जातात. त्यांच्या आधारानें लोकांस जी वाचण्याची व विचारण्याची संवय लागते, तीच खरी मिळकत होय.

आपल्या देशाकडे पाहतां काय दिसतें? हिंदुस्थानांत पेटंटचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला, आणि पहिलें पेटंट कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग यांस पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळालें. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा, ही आपल्या पेटंट-इतिहासाची सुरुवात! कचेरी कलकत्त्यास; कामकाजाची भाषा इंग्रजी; आणि आपला सुतार, तांबट, लोहार तर कोंकणांत नाहीं तर देशावर. त्याची युक्ति त्याच्या मुलास ठाऊक असे, फार तर जांवयास. मुंबईंत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्यासारखा अलौकिक कल्पक पुरुष निपजला, तर त्यास आपलें क्षेत्र लंडनमध्यें व पुढें न्यूयॉर्कमध्यें शोधावें लागलें. दादाभाई नौरोजींचें पाठबळ त्यांस मिळालें, छपाईचे खिळे पाडण्याचें त्यांचें 'भिसोटाइप' यंत्र विलायतेंत नांवाजलें गेलें. परंतु ज्या मुंबईनें त्यांस जन्म दिला, तिला त्यांच्या कर्तृत्वाचा लाभ व्हावा तितका झाला नाहीं, व त्यांचा देह न्यूयॉर्क येथेंच पडला. दूरच्या दाराची किंमत कोण व कशी देतो, तें यावरून दिसेल.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटलें. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला, आणि कलकत्त्याच्या जोडीस मुंबई, मद्रास व दिल्ली येथें शाखा झाल्या. महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश, छत्तीसगड व गोवा हा मुलूख मुंबईच्या कचेरीकडे आहे. नागपूर येथें १९८० सालीं देशोदेशींच्या पेटंट-लेखांचा संग्रह करणारी संस्था निघाली, ही गोष्ट वऱ्हाड-नागपुराबाहेर फारशी कोणास माहीत नसेल. मुंबईच्या याच कचेरींतून मार्च २०१२ मध्यें एक निकाल बाहेर पडला व जगभर त्याची चर्चा झाली. कर्करोगावरील ज्या औषधास महिन्याकाठीं सुमारें २,८०,००० रुपये पडत, तें परदेशी पेटंटधारकास ठराविक हिस्सा देऊन ८,८०० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना एका हिंदी कंपनीस देण्यांत आला. हक्क देणारी कचेरीच हक्काची मर्यादाही राखते, तिचें दार शोधकाप्रमाणें रोग्यासही जवळचें आहे, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

संख्येच्या दृष्टीनें पाहिलें तर २०१३-१४ सालीं देशांत सुमारें ४३,००० अर्ज आले, व त्यांतील बहुसंख्य परदेशीयांचे होते. २०२३-२४ सालीं ते ९२,००० च्या वर गेले, आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक देशांतल्याच लोकांचे होते. याचें सर्व श्रेय कचेऱ्यांस देणें बरोबर नाहीं, आणि प्रत्येक अर्ज म्हणजे उपयुक्त शोध असेंही नाहीं. तरी पण वारा कोणत्या दिशेनें वाहूं लागला आहे, तें यांत दिसतें.

येथें कोणी वडीलधारे गृहस्थ विचारतील कीं, विद्या दिल्यानें वाढते असें आपण मानीत आलों. तिच्यावर मालकी सांगणें हें आपल्या वृत्तीस शोभतें काय? आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्याही मनांत हाच प्रश्न होता. विद्युत्-लहरी ओळखण्याच्या त्यांच्या साधनाचें अमेरिकन पेटंट २९ मार्च १९०४ रोजीं झालें, तें मित्रमंडळीच्या आग्रहामुळें. त्यांनीं स्वतः त्यापासून द्रव्यलाभ करून घेतला नाहीं. त्यांच्या निःस्पृहतेपुढें आम्ही नम्र आहों. परंतु सामान्यांच्या घरीं विद्या खरोखर दिली जात होती काय, हेंही पाहावें. वैद्याची मात्रा वैद्याबरोबर सरणावर गेली. कारागिरानें शिष्यास शिकवितांना एक डाव हातचा राखला. बाडें माळ्यावर वाळवीनें खाल्लीं. हें दान नव्हे आणि मालकीही नव्हे. हा निव्वळ नाश होय. हळदीचें उदाहरण ताजें आहे. जखम भरण्याच्या कामीं हळदीचा उपयोग, या नांवानें अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट दिलें गेलें. आपल्या आजीबाईंस जें ठाऊक होतें तें तेथील परीक्षकास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व १९५३ सालचा एक छापील निबंध पुढें ठेविला, तेव्हां कोठें १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. जें लिहिलेलें होतें त्यानें हळद वाचली. नुसतें जें सर्वांस ठाऊक होतें त्यानें वाचली नसती.

मग सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्य काय? आपल्या घरांतून लेखणी पिढ्यान् पिढ्या नांदली, पण हातास तेल लागणें हें कमीपणाचें मानलें गेलें, हें कबूल केलें पाहिजे. उलट कोल्हापूरच्या ओतशाळांतून किंवा इचलकरंजीच्या मागांवर ज्यांचे हात तेलानें माखलेले असतात, त्यांस रोज एखादी नवी युक्ति सुचते. पण ती कायद्यास लागते तशा नेमक्या भाषेंत मांडण्याची संवय त्यांस क्वचितच असते. लेखणी एका घरीं व कल्पना दुसऱ्या घरीं, असा हा दुरावा आहे, आणि तो मुंबईच्या कचेरीनें एकटीनें भरून निघणार नाहीं.

म्हणून कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवितों. आपला शोध वर्तमानपत्रांत, प्रदर्शनांत किंवा व्याख्यानांत जाहीर करण्यापूर्वीं अर्ज करावा. आधीं जाहीर झालेली गोष्ट 'नवी' राहत नाहीं, आणि कायद्यांतील थोडे अपवाद सोडल्यास हक्क बुडतो. काम अर्धवट असेल तर प्रथम तात्पुरतें वर्णन दाखल करून पूर्ण वर्णनास १२ महिन्यांची मुदत घेतां येते. संगणकाद्वारें अर्ज करणाऱ्या एकट्या व्यक्तीस अर्जाची फी १,६०० रुपये पडते; तपासणीची फी निराळी. पूर्वींचे लेख सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात, म्हणजे ज्या वाचनासाठीं अमेरिकन शोधकास पूर्वीं ग्रंथालय गांठावें लागे, तें आज माजघरांत आलें आहे. खेड्यांतल्या अशिक्षित कल्पकांस अर्जाच्या कामीं साह्य करणारी राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था गुजरातेंत २००० सालापासून आहे. आणि ज्या मुलामुलींनीं शास्त्राची किंवा एंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे, त्यांस वयाच्या २१ व्या वर्षानंतर पेटंट एजंटाची परीक्षा देतां येते. घर सांभाळून करतां येण्याजोगा हा प्रतिष्ठेचा व्यवसाय आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य विचारांत घ्यावा.

मॅकॉय यांस एडिंबरोची विद्या होती आणि हातीं कोळशाचें फावडेंही होतें. दोहोंचा मेळ एकाच मनुष्यांत पडला, म्हणून गाडी न थांबतां तेल पाझरूं लागलें. असा मेळ प्रत्येकांत पडावा असें नाहीं. पण दोन शेजारी घरांत तो पडण्यास अडचण कोणती? आपल्या आळींत जो कारागीर आहे, त्याच्याकडे या सुटींत घरच्या शिकलेल्या मुलांस पाठवावें, आणि तो काय करतो तें आकृतींसह नीट लिहून काढावयास सांगावें. त्यांतून पेटंट निघेल कीं नाहीं, तें परीक्षक ठरवील. पण तें लिहिलें गेलें, म्हणजे नाहींसें होणार नाहीं.